क्लिनिकच्या ऑटोक्लेव्हला पाणी कोणतं घालावं? कॅन, आरओ, डीआय की डिस्टिलर?

दंतमंजन · सोमवार, सकाळी ९:४०
लातूरला दोन खुर्च्यांचं दातांचं क्लिनिक आहे. २२ लिटरचा बी क्लास ऑटोक्लेव्ह (हत्यारं दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र; बी क्लास म्हणजे आधी पंपाने आतली हवा काढणारं), दिवसाला ४-५ सायकल. सध्या ५ लिटरचे डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणतो, पण उन्हाळ्यात ते वेळेवर मिळत नाहीत आणि प्रत्येक लॉटचा दर्जा वेगळा. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा, बोअरचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ९२०, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. टँकरचं पाणी कुठलं ते टँकरवाल्यालाच माहीत.
प्रश्न असा: घरगुती आरओ बसवून भागेल का? यूव्हीवाला घ्यावा का? की डिस्टिलर घ्यावा? डीआय म्हणून एक प्रकार असतो म्हणतात, त्याचं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोपऱ्यातला_बाक · सोमवार, ९:५२
रुमाल टाकून ठेवतो.

वाफकोंडी · सोमवार, ११:०५
आधी हे ठरवू की पाण्यातून नक्की काय काढायचंय. ऑटोक्लेव्हच्या पाण्यातले जंतू ही पहिली अडचण नाही, ते तसेही १३४ अंशांला मरणार. अडचण आहे विरघळलेल्या क्षारांची. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर हीटरवर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही, हीटर आतून तापत राहतो आणि एक दिवस जळतो. त्याच थराचे कण सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणाऱ्या) व्हॉल्व्हच्या बुडाशी अडकले की व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि व्हॅक्यूम टेस्ट नापास होते. बी क्लास मशीनमध्ये ‘व्हॅक्यूम गळतोय’ अशी तक्रार आली की बरेच जण आधी दाराचं गॅस्केट बदलतात. आधी गाळणी आणि व्हॉल्व्ह उघडून बघा, पांढरी पूड सापडेल.
छोट्या ऑटोक्लेव्हसाठीच्या ईएन १३०६० या युरोपीय मानकात भरायच्या पाण्याच्या मर्यादा सुचवल्या आहेत. विद्युतवाहकता १५ मायक्रोसीमेन्स प्रति सेमीपर्यंत, क्लोराइड लिटरला २ मिग्रॅ, सिलिका १ मिग्रॅ, लोह ०.२ मिग्रॅ, पाणी आटवल्यावर उरणारा गाळ १० मिग्रॅ, पीएच ५ ते ७.५. आपल्याकडच्या बहुतेक टेबलटॉप मशीनच्या पुस्तिकेतही हेच आकडे थोड्याफार फरकाने असतात.
पेनसारखा टीडीएस मीटर वाहकताच मोजतो आणि तिला साधारण निम्म्याने गुणून पीपीएम (लिटरला मिग्रॅ) दाखवतो. म्हणजे १५ मायक्रोसीमेन्स म्हणजे ७ ते ८ पीपीएम. एवढा एक आकडा डोक्यात ठेवा, बाकी चर्चा त्याच्याभोवतीच फिरेल.

सांडगे_मिरची · सोमवार, ११:३१
म्हणजे यूव्ही बाद?

वाफकोंडी · सोमवार, ११:३८
या कामासाठी बाद. यूव्हीखालून ९२० टीडीएसचं पाणी गेलं तर पलीकडे ९२०च येणार. उकळून घेतलं तर फक्त तात्पुरती कठिणता खाली बसते, बाकीचे क्षार उलट थोडे दाट होतात. तुरटीने गढूळपणा जातो, क्षार जात नाहीत.

बेसॉल्ट · सोमवार, १२:१४
सॉफ्टनरही यात धरा. हौसिंग सोसायट्यांमुळे आता ‘सॉफ्टनर बसवला की झालं’ असं सगळ्यांना वाटतं. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, भांड्यांवर थर बसत नाही, पण मीटरवर आकडा हलत नाही. क्लोराइड तर तसंच राहतं, आणि स्टीलला खड्डे पाडतं ते क्लोराइडच. शिवाय सोडियम बायकार्बोनेट तापलं की कार्बोनेट होतं, पाणी अल्कधर्मी होतं, फेसाळतं, आणि वाफेबरोबर थेंब उडून हत्यारांच्या पॅकवर जातात. आरओच्या आधी मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) वाचवायला सॉफ्टनर ठीक. ऑटोक्लेव्हला थेट नको.

हायड्रोजन · सोमवार, १२:४०
एवढा खटाटोप कशाला? पेट्रोलपंपावर बॅटरीचं पाणी मिळतं ते घाला. लिटरभराच्या बाटल्या, स्वस्त आणि मस्त.

रेझिनवाला · सोमवार, १३:२०
@हायड्रोजन, कागदोपत्री तुमचं बरोबर आहे. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे भारतीय मानक आहे आणि ते पाळून बनवलेलं पाणी ऑटोक्लेव्हला चालण्याइतकं स्वच्छ असतं. घोळ होतो तो ‘पाळून बनवलेलं’ या दोन शब्दांत. लेबलवर ‘डीएम वॉटर’ (क्षार काढलेलं पाणी) लिहिलेल्या बाटलीत रेझिन (क्षार धरून ठेवणारे दाणे) संपलेल्या प्लांटचं पाणीही असू शकतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून कॅन कुठलाही असो, झाकण उघडल्यावर आधी मीटर बुडवा. ८ पीपीएमच्या वर असेल तर परत करा, दुकानदार काहीही म्हणो.
पॅकबंद पिण्याच्या पाण्याच्या २० लिटरच्या जारमधलं पाणी मात्र नकोच. ते पिण्यासाठी असतं, चवीसाठी क्षार त्यात मुद्दाम ठेवलेले किंवा घातलेले असतात.

दंतमंजन · सोमवार, १४:०५
मीटर होता, आत्ता बुडवून बघितलं. चालू कॅन ४, मागच्या लॉटचा अर्धा उरलेला कॅन ३१! दोन्हींवर लेबल एकच.

सांडगे_मिरची · सोमवार, १४:१०
३१ वाला डिस्टिल्ड नव्हे, डिस्टर्ब्ड वॉटर आहे.

रेझिनवाला · सोमवार, १४:५५
आता आरओकडे वळू. घरगुती आरओचं मेम्ब्रेन साधारण ९० ते ९६ टक्के क्षार अडवतं. नवं असताना, पुरेशा दाबाखाली. तुमच्या ९२० वर ९३ टक्के धरले तर ६० ते ६५ पीपीएम पाणी मिळेल. पिण्याला उत्तम, ऑटोक्लेव्हला आठपट जास्त. त्यामुळे नुसत्या आरओवर लातूरच्या बोअरचं भागणार नाही.
हेच मुंबईत बघा. तानसा, वैतरणा, भातसाचं धरणाचं पाणी मुळातच शंभराच्या आसपास किंवा खाली. तिथे त्याच आरओतून ५ ते ८ येतं आणि काम होतं. म्हणून ‘माझ्या मित्राच्या दादरच्या क्लिनिकमध्ये आरओवर पाच वर्षं चाललंय’ हे ऐकून मराठवाड्यात मशीन विकत घेऊ नये. पद्धत निवडताना आधी आपल्या पाण्याचा आकडा हवा, कंपनीचा कॅटलॉग नंतर.

भातसाकाठ · सोमवार, १५:१२
+१. फक्त मुंबईकरांनीही एक तपासा. आरओमध्ये ‘टीडीएस अ‍ॅडजस्टर’ किंवा ‘मिनरल काडतूस’ असतं. पाणी सपक लागू नये म्हणून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायचा हा उद्योग. बसवणारा माणूस सवयीने तो स्क्रू उघडून ५०-६० वर ठेवून जातो. क्लिनिकसाठी तो स्क्रू पूर्ण आवळून बंद करायचा, मिनरल, अल्कलाइन, कॉपर वगैरे सगळी काडतुसं काढून नळी सरळ जोडायची, आणि यंत्रावर ‘हे पाणी पिण्यासाठी नाही’ असं मराठीत लिहायचं. सर्व्हिसला येणारा पुढचा माणूस तो स्क्रू पुन्हा उघडतोच, म्हणून त्यावर टेप लावा.

रेझिनवाला · सोमवार, १६:३०
बरोबर. आता डीआय. डीआय म्हणजे डीआयोनाइज्ड, यालाच कुणी डीएम म्हणतात. धन आणि ऋण दोन्ही प्रकारचं रेझिन एकत्र मिसळलेलं ‘मिक्स्ड बेड’. पाण्यातले धन आयन घेऊन हायड्रोजन सोडतं, ऋण आयन घेऊन हायड्रॉक्सिल सोडतं, दोन्ही मिळून पाणी. बाहेर येतं ते १ ते ३ मायक्रोसीमेन्सचं. वीज लागत नाही, रिजेक्ट (आरओतून वाया जाणारं खारट पाणी) नाही.
पण रेझिनची भूक ठरलेली असते. १ लिटर मिक्स्ड बेड साधारण २५ ग्रॅम क्षार, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, घेतं आणि संपतं. म्हणजे २५,००० मिग्रॅ भागिले तुमचा टीडीएस. अगदी काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरे.
थेट बोअर: २५,००० ÷ ९२० = २७ लिटर. काही दिवसांतच रेझिन खलास.
आरओनंतर: २५,००० ÷ ६० = ४१५ लिटर. गळती आणि सावधगिरी धरून ३०० म्हणा.
मुंबईचं नळाचं ८० टीडीएसचं पाणी थेट: ३०० लिटर. तिथे आरओ न बसवता नुसतं डीआय काडतूसही परवडतं.
लातूरसाठी आरओ आणि त्याच्यामागे लिटरभर रेझिनचं काडतूस, ही जोडी. दोघांपैकी एकटं कुणीच पुरत नाही.

दंतमंजन · सोमवार, १७:०२
हे समजलं. पाण्याची रोजची गरज किती धरू? सायकलला अर्धा लिटर जातं, म्हणजे दिवसाला अडीच लिटर.

सीएसएसडी_ताई · सोमवार, १९:४५
डॉक्टर, इथेच सगळे चुकतात. अडीच लिटर मशीनचं झालं, हत्यारं शेवटच्या खळबळण्याचं कुठे धरलंत?
डागांची तक्रार आली की मशीनच्या टाकीतलं पाणी बदललं जातं, आणि डाग तसेच राहतात. कारण अल्ट्रासॉनिकमधून (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रातून) काढलेली हत्यारं बोअरच्या पाण्याखाली धरून तशीच पाऊचमध्ये जातात. अंगावर राहिलेल्या थेंबात ९२० टीडीएस असतो. मशीनमध्ये तो थेंब सुकतो आणि त्यातले क्षार तिथेच भाजले जातात. टाकीतलं पाणी वाफ होऊन येतं, ते बरंच स्वच्छ असतं. हत्याराला प्रत्यक्ष चिकटलेलं पाणी आधी सुधारा.
क्रम असा ठेवा. नळाच्या पाण्याखाली रक्त-लाळ धुणे (कोमट पाणी चालेल, गरम नको, रक्त गोठून चिकटतं), मग एन्झाइमचं द्रावण आणि अल्ट्रासॉनिक, मग नळाच्या पाण्याने साबण काढणे, मग शेवटी शुद्ध पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवून हलवणे, मग लिंटविरहित कापडाने किंवा हवेने सुकवून पाऊच. हा शेवटचा ट्रे दिवसातून दोनदा बदला. दोन लिटरचा ट्रे धरला तर रोजचे ४ लिटर. एकूण साडेसहा ते सात.

दंतमंजन · सोमवार, २०:१०
ताई, हे खरंच लक्षात नव्हतं. सगळे डाग मी मशीनच्या माथी मारत होतो.

सीएसएसडी_ताई · सोमवार, २०:३२
आणि हायपोक्लोराइटचं (ब्लीचच्या द्रावणाचं) बघा. वापरलेली हत्यारं हायपोमध्ये भिजत ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे. स्टीलच्या हत्यारांना त्याहून वाईट काही नाही. क्लोराइडचे खड्डे पडतात, मग पाण्याला आणि कंपनीला शिव्या. पृष्ठभाग पुसायला हायपो, हत्यारांना नाही. सलाइनमध्येही ठेवू नका.
डाग ओळखायची साधी युक्ती: पेन्सिलचा खोडरबर घासा. डाग गेला आणि खालचं स्टील गुळगुळीत असेल तर तो वरून बसलेला थर. डाग गेला पण खाली बारीक खड्डा दिसला तर गंज, ते हत्यार बाजूला काढा, एका गंजक्या हत्यारापासून ट्रेमधल्या बाकीच्यांना लागण होते.

बेसॉल्ट · सोमवार, २१:०८
ताईंच्या खोडरबराला पुरवणी.
पांढरा, खडूसारखा, व्हिनेगरने जातो: कठिणता. पिवळट-तपकिरी ते निळसर-जांभळा, तेलावर दिसतो तसा इंद्रधनुषी, व्हिनेगरने हलत नाही: सिलिका. लालसर ठिपके: लोह किंवा गंज.
सिलिकेबद्दल दोन शब्द जास्त, कारण हा महाराष्ट्राचा खास पाहुणा आहे. काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात सिलिका बऱ्यापैकी असते. ती आयन रूपात जवळजवळ नसते, त्यामुळे वाहकता मीटरला ती दिसत नाही. आणि मिक्स्ड बेड संपत आला की सगळ्यांत आधी निसटते तीच, कारण ऋण रेझिनची तिच्यावरची पकड सर्वांत कमकुवत. मीटर अजून ६-७ दाखवत असतो आणि हत्यारांवर निळसर झाक येऊ लागते. म्हणून रेझिन ‘१५ मायक्रोसीमेन्स झाल्यावर’ बदलू नका, ५ ओलांडलं की बदला.

हायड्रोजन · सोमवार, २१:३०
रंग बदलणारं रेझिन मिळतं की. रंग उतरला की बदला, मीटर कशाला?

रेझिनवाला · सोमवार, २२:०४
रंग हा कामचलाऊ इशारा. रंग खालून वर किंवा वरून खाली सरकत जातो. काडतुसातून पाणी एकाच बाजूने वाट काढत गेलं, म्हणजे चॅनेलिंग झालं, तर अर्धं रेझिन ताजं दिसतं आणि पाणी वाईट येतं. काडतूस उभंच बसवा, रेझिन गच्च भरा, वर पोकळी ठेवू नका. १ लिटर रेझिनमधून तासाला २० ते ४० लिटरपेक्षा जास्त वेग नको. घरगुती आरओ तासाला १०-१२ लिटर देतो, म्हणजे तिथे अडचण नाही.
संपलेलं मिक्स्ड बेड क्लिनिकमध्ये पुन्हा चार्ज करता येत नाही. दोन्ही रेझिन वेगळी करून एकाला आम्ल, दुसऱ्याला कॉस्टिक द्यावं लागतं. ‘मिठाच्या पाण्यात भिजवा’ हा सल्ला सॉफ्टनरच्या रेझिनचा आहे, इथे लावाल तर आहे तेही जाईल. आणि रेझिन कोरडं पडू देऊ नका, उन्हात ठेवू नका.

कोपऱ्यातला_बाक · सोमवार, २२:२०
रुमाल टाकला होता, आता सतरंजी अंथरतो. एक बाळबोध शंका: एसीच्या नळीतून पडणारं पाणी मोजलं तर १० येतं. फुकट आहे. ते का नको?

वाफकोंडी · सोमवार, २२:४१
बाळबोध नाही, दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच. क्षार कमी असतात हे खरं. पण ते पाणी धुळीने माखलेल्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून घरंगळत येतं, आणि खालचा ट्रे शेवाळी-बुळबुळीत असतो. धातूचे अंश, धूळ, जंतू सगळं येतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही मी ते घालणार नाही.

सूक्ष्मदर्शी · मंगळवार, ८:१५
‘जंतू तसेही मरणार’ या वाफकोंडींच्या वाक्याला एक शेपूट जोडतो. जंतू मरतात, पण ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष ऑटोक्लेव्हमध्ये टिकतं. ते नष्ट करायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. म्हणून टाकीत आठवडाभर पडून बुळबुळीत झालेलं पाणी, मग ते २ मायक्रोसीमेन्सचं का असेना, शस्त्रक्रियेच्या हत्यारांना नको. डीआय रेझिन जंतू अडवत नाही, उलट सुट्टीत तीन दिवस पाणी थांबलं तर रेझिनच जंतूंची वसाहत होते. सोमवारी सकाळी पहिलं लिटरभर पाणी सोडून द्यावं.
साठवायचं तर झाकणबंद, अपारदर्शक, खाद्य दर्जाच्या प्लास्टिकच्या डब्यात, एका आठवड्याच्या आत संपेल एवढंच. लोखंडी किंवा गॅल्व्हनाइज्ड भांडं नको, शुद्ध पाणी धातू ओढून घेतं. आणि ऑटोक्लेव्हच्या वापरलेल्या पाण्याच्या टाकीतलं पाणी ‘वाफेचंच तर आहे’ म्हणून परत वर ओतू नका. त्यात हत्यारांवरचं तेल आणि घाण असते.

गोंयकार_भाऊ · मंगळवार, ९:५०
आमच्याकडे उलटं. पेडण्यापासून खाली जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मऊ असतं, टीडीएस कमी. पण लोह असतं ठिकठिकाणी. बादलीत पाणी ठेवलं की तासाभराने लालसर होतं. मीटर ६० दाखवतो म्हणून खूष होऊन थेट डीआय लावलं तर लोह रेझिनवर बसून त्याला कायमचं निकामी करतं. आधी पाण्याला हवा लागू द्यायची, लोह साकळलं की गाळायचं, मग पुढचं सगळं.

बेसॉल्ट · मंगळवार, १०:२५
म्हणूनच वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा एप्रिलमध्ये, कच्च्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळा आहेत. अर्जावर कठिणता, क्लोराइड, लोह, सिलिका अशी नावं लिहून मागा. नुसतं ‘पाणी तपासणी’ लिहिलं तर पिण्यायोग्य आहे की नाही एवढंच उत्तर येईल.

सांडगे_मिरची · मंगळवार, १०:४०
लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. तेव्हाच्या ऑटोक्लेव्हना कृष्णेचं पाणी मिळालं म्हणायचं. (ह.घ्या.)

हायड्रोजन · मंगळवार, ११:१५
सगळे आरओ-डीआयवर अडलेत. डिस्टिलर का नाही? एक डबा, एक प्लग, ना मेम्ब्रेन ना रेझिन. टँकर असो, बोअर असो, पाणी तेच येणार.

वाफकोंडी · मंगळवार, ११:५८
या वेळी @हायड्रोजन यांचा मुद्दा घ्यावा लागेल. पाण्याचा दर्जा सतत बदलतो तिथे डिस्टिलर सगळ्यांत कमी कुरकुर करणारा. ९२० असो की १५००, बाहेर येणारं पाणी जवळपास सारखंच. सिलिकाही मागे राहते.
आता हिशेब. २५ अंशांचं १ लिटर पाणी उकळून वाफ करायला शास्त्रानेच ०.७१ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात पाऊण ते ०.८. टेबलवरचा ४ लिटरचा, ७५० वॅटचा डबा साडेचार तासांच्या आसपास घेतो. दंतमंजन यांना ७ लिटर हवेत, म्हणजे दिवसात दोन खेपा, साडेपाच युनिट. व्यापारी दर १२ रुपये धरला तर रोजचे ६६ रुपये, आणि उन्हाळ्यात छोट्या खोलीत आणखी एक हीटर. लोडशेडिंग असेल तर खेप अर्धवट.
शिवाय ९२० च्या पाण्याच्या ४ लिटरमागे डब्याच्या तळाशी साडेतीन ग्रॅमच्या आसपास क्षार उरतात. रोज ओतायचे, दर ८-१० खेपांनी सायट्रिक अ‍ॅसिड. हे केलं नाही तर महिनाभरात तळ जळतो. क्लोरिनसारखे उडून जाणारे पदार्थ वाफेबरोबर पलीकडे येतात, म्हणून तोंडाशी कोळशाची पुडी असते. ती दर दोन महिन्यांनी बदला.
दिवसाला २-३ लिटर लागणाऱ्या एकट्या डॉक्टरला डिस्टिलर छान. ७ लिटरला मी आरओ आणि डीआय घेईन.

रेझिनवाला · मंगळवार, १२:३०
सहमत, आणि मधला मार्गही आहे. आरओचं पाणी डिस्टिलरला द्या. क्षार ६० वर आल्यामुळे साफसफाई पंधरा पटीने कमी होते. वीज तेवढीच.

दंतमंजन · मंगळवार, १३:१०
सायट्रिक अ‍ॅसिड कसं वापरायचं? ऑटोक्लेव्हच्या चेंबरलाही तेच चालेल का? तिथे तळाशी पांढरं बसलंय.

वाफकोंडी · मंगळवार, १३:४४
किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच. लिटरला २० ग्रॅम, गरम पाण्यात. डिस्टिलरमध्ये भरून ६०-७० अंशांपर्यंत तापवा, बंद करून अर्धा तास ठेवा, ओता, तीनदा खळबळा, मग पाण्याची एक खेप करून ती फेकून द्या.
चेंबरला फक्त मऊ स्पंजने याच द्रावणाने पुसा, दहा मिनिटांनी शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा पुसून काढा, मग एक रिकामी सायकल. पुस्तिकेत मनाई असेल तर पुस्तिकेचं ऐका. चेंबरमध्ये द्रावण भरून सायकल लावू नका, ते पाइप आणि व्हॉल्व्हमधून फिरेल. तारेची घासणी नको. आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर मुळीच नको. ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे पुन्हा क्लोराइड.

खेडोपाडी · मंगळवार, १५:२०
आमच्यासारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अजून उभा, कुकरसारखा ऑटोक्लेव्ह आहे. तळाशी पाणी, वर ड्रम. त्याला एवढं सगळं लागतं का?

वाफकोंडी · मंगळवार, १६:०५
त्याला जास्त लागतं, कारण कॉइल पाण्यातच बुडालेली असते. आणि तिथली खरी चूक पाणी ‘वरून भरत राहणं’ ही आहे. वाफ बाहेर जाते, क्षार आत राहतात. २०० टीडीएसचं पाणी रोज एक लिटर असं दहा दिवस वरून भरलं तर दहा लिटरचे क्षार त्या तळात गोळा होतात. रोज संध्याकाळी पूर्ण ओता, पुसा, सकाळी नवीन भरा. साध्या आरओचं पाणी आणि रोज बदलणं एवढ्यावरही कॉइलचं आयुष्य बरंच वाढतं. सेफ्टी व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा हाताने उचलून बघा, थराने चिकटला असेल तर तो सेफ्टी उरत नाही.
अवांतर: तुम्ही घाटमाथ्यावर असाल तर नुसत्या दाबाच्या काट्यावर विसंबू नका. समुद्रसपाटीला काट्यावर १५ पीएसआय म्हणजे १२१ अंश. महाबळेश्वरच्या उंचीवर, साधारण १३५० मीटर, त्याच काट्याला ११८-११९ अंशच भरतात. पुण्यालाही अंशभर कमी. तापमापक हवाच.

खेडोपाडी · मंगळवार, १६:२२
हे कुणी सांगितलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

भातसाकाठ · मंगळवार, १७:००
दंतमंजन, हेच शुद्ध पाणी खुर्चीच्या बाटलीत, म्हणजे हँडपीसच्या (दात कोरायच्या यंत्राच्या) पाण्याला, वापरायचा विचार मनात असेल तर?

सूक्ष्मदर्शी · मंगळवार, १७:४८
वेगळा प्रश्न, वेगळं उत्तर. तिथे टीडीएस महत्त्वाचा नाही, जंतूसंख्या महत्त्वाची. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा निकष मिलिलिटरला ५०० सीएफयूपर्यंत (वाढू शकणारे जिवंत जंतू) असा आहे. डिस्टिल्ड पाणी भरलं तरी बारीक नळ्यांच्या आतली बुळबुळ ते पाणी दोन दिवसांत खराब करते. तिथे नळ्यांचं नियमित निर्जंतुकीकरण लागतं, आणि हाडापर्यंत जाणारी शस्त्रक्रिया असेल तर निर्जंतुक सलाइन वेगळ्या मार्गाने.

दंतमंजन · शनिवार, १८:३०
धागा वर काढतोय. आरओ बसवला, अ‍ॅडजस्टर बंद, मिनरल काडतूस काढून टाकलं, मागे १ लिटर रेझिन. पण आरओनंतर मोजलं तर १४० पीपीएम! तुम्ही ६० म्हणाला होतात. मेम्ब्रेन खराब आलं का?

रेझिनवाला · शनिवार, १८:५१
मोजलं कधी? यंत्र रात्रभर बंद होतं का?

दंतमंजन · शनिवार, १८:५५
हो, सकाळी सुरू केल्या केल्या.

रेझिनवाला · शनिवार, १९:१४
मग मेम्ब्रेनला दोष देऊ नका. यंत्र बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे व्हायला बघतात, त्यामुळे पहिलं पाणी नेहमी खारट येतं. दिवसाला ७ लिटरच लागत असल्याने तुमचं यंत्र दिवसाचे तेवीस तास बंदच राहणार. म्हणून आरओ आणि रेझिनच्या मध्ये एक छोटा टी आणि बॉल व्हॉल्व्ह बसवा. सुरू केल्यावर पहिले एक-दोन लिटर तिथून फरशी पुसायच्या बादलीत सोडा, मग रेझिनकडे वळवा. नाहीतर रोज सकाळी रेझिनचा फुकट फडशा पडेल. आणि दिवसभर थोडं थोडं काढण्यापेक्षा सकाळी एकदाच सलग सात-आठ लिटर काढून साठवा.
रिजेक्टचं पाणी साधारण १२०० टीडीएसचं असेल, तेही फरशीला. कुंडीतल्या झाडांना नको.

दंतमंजन · रविवार, ११:२०
दोन लिटर सोडून मोजलं: आरओनंतर ५८ पीपीएम, रेझिननंतर मीटर ० किंवा १. पण ऑटोक्लेव्हच्या टाकीत भरून पुन्हा मोजलं तर ११. हे कुठून आलं?

वाफकोंडी · रविवार, ११:४७
जुन्या पाण्याचे क्षार टाकीच्या भिंतींवर आहेत. टाकी खालच्या नळीतून पूर्ण रिकामी करा, शुद्ध पाण्याने तीनदा खळबळून ओता, आतली गाळणी काढून धुवा, मग भरा. पेनाचं टोकही आधी शुद्ध पाण्यात हलवून घ्या, कच्च्या पाण्याचा एक थेंब टोकाला राहिला तरी ५-६ चा फरक पडतो. आणि ० ते १० मध्ये पीपीएमचा पेन फार ढोबळ. मायक्रोसीमेन्स दाखवणारा घ्या.
शेवटची गोष्ट. काही मशीन पाण्याची पातळी वाहकतेवरून ओळखतात. त्यांना १ मायक्रोसीमेन्सच्या खालचं पाणी दिसतच नाही, टाकी भरलेली असताना ‘पाणी भरा’ म्हणून ओरडतात. तसं झालं तर सेन्सर बदलायच्या आधी टाकीत कपभर नुसतं आरओचं पाणी घालून बघा.

दंतमंजन · रविवार, १७:३५
टाकी धुतली. आता ३. मशीन ओरडत नाही. रेझिनच्या डब्यावर तारीख आणि लिटर लिहायला वही टांगली आहे.

सांडगे_मिरची · रविवार, १७:४०
३१ वाल्या कॅनचं काय केलंत?

दंतमंजन · रविवार, १७:५२
फरशी पुसली.